पुढची चाकं

महादेवपुऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही, आणि जयनगरच्या ज्या अक्कांकडून मी गाडी घेतली त्यांनाही फसवलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण अक्कांना आज उलटं वाटतं. माझ्या नवऱ्यालाही थोडं तसंच वाटतं, तो तोंडाने बोलत नाही एवढंच.

फसण्यातली मी नव्हे. मी जुनं ऑफिस फर्निचर घेते आणि विकते. बंगळुरात कंपन्या जशा उघडतात तशा बंदही होतात. एखादी कंपनी मजला रिकामा करते तेव्हा खुर्च्या, कपाटं, पांढरे फळे आणि कुठल्याच लिफ्टमध्ये न मावणारं एक लांबलचक टेबल मागे राहतं. मग मी तिथे पोचते. खुर्ची उलटी करते, तिला वरखाली करणारा गॅसचा दांडा दाबून बघते, चाकं फिरवते आणि नाक मुरडते. ही सवय इतकी मुरलीय की लग्नाच्या पंगतीतही माझं नाक आपोआप मुरडतं, असं नवरा म्हणतो. निपाणीजवळच्या गावातून इथे आले तेव्हा भाड्याचा टेम्पो आणि तोंड, एवढंच माझं भांडवल होतं. पुढे टेम्पो स्वतःचा झाला, हेब्बाळच्या बाजूला गोदाम झालं. तोंड तेच आहे.

भांडते मी कन्नडमध्ये. समोरचा मॅनेजर उत्तरेकडचा असेल तर हिंदीत. मराठी घरात, आईशी फोनवर, देवापुढे. मराठीत मी कधी भाव केलेला नाही. गावी असताना भाव करण्याएवढं काही विकत घ्यायची वेळच आली नाही, आणि धंदा शिकले तो इथे येऊन. मराठीत ‘शेवटचं काय ते बोला’ म्हणायला गेले की आईच्या स्वयंपाकघरात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटतं. आमच्या भागातून इथे आलेल्या बऱ्याच जणांचं असं आहे. बाजारात वाघ, आणि कुणी ‘तुम्ही कुठल्या हो?’ विचारलं की पदर सारखा करून उभे. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं इथूनच झालं.

गाडी आवडण्याला कारण आहे. लहानपणी आमच्याकडे तंबाखू बघायला एक व्यापारी यायचा. चारही चाकांनी ओढणारी उंच वॅगन, मागे लांब टप. चिखलातून ती थेट खळ्यापर्यंत यायची. व्यापारी खाली उतरायचा नाही. काच बोटभर खाली करून वडिलांशी बोलायचा, आणि वडील चिखलात उभे राहून वर बघत बोलायचे. मी आईच्या मागे उभी राहून त्या काचेकडे बघायची. व्यापाऱ्याचा मला राग नव्हता. मला ती जागा हवी होती.

एकदा जयनगरात एका घराच्या तळमजल्यावरचं ऑफिस उठलं म्हणून मी खुर्च्या बघायला गेले. घराची मालकीण वरच्या मजल्यावर राहायची. पंचाहत्तरीच्या आसपासची, केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ. मी खुर्च्या उलट्या करत होते आणि ती जिन्यात उभी राहून बघत होती. कन्नडमध्ये तिने विचारलं, ‘यांचं तू काय करणार?’ मीही कन्नडमध्येच, थोड्या तोऱ्यात, सांगितलं की खुर्ची अख्खी विकली तर काही सुटत नाही. चांगली चाकं काढायची, ती दुसऱ्या खुर्चीला लावायची, गॅसचा दांडा वेगळा विकायचा, उरलेलं भंगार. तिने मान हलवली.

मग पोर्चमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी मोठं दिसलं. मी टोक उचललं आणि तोंडातून निघून गेलं, ‘अगं बाई, केवढी ही!’

‘मराठी आहेस होय गं?’ मागून आवाज आला.

मी वळले. ‘तुम्ही पण?’

‘आम्ही इथेच पिढ्यान् पिढ्या. आमची मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात. तू हसू नको. स्वल्प कॉफी घेशील?’

मी त्यांना अक्का म्हणायला लागले ते त्या कॉफीपासून. ताडपत्रीखालची वॅगन, अगदी त्या तंबाखूवाल्या व्यापाऱ्याच्या गाडीसारखी, त्यांच्या यजमानांची. खाणींची पाहणी करायची त्यांची नोकरी होती, पण नजर अधू. ‘ते नकाशा धरायचे, मी स्टेअरिंग धरायची,’ अक्का म्हणाल्या. ‘लोक त्यांना साहेब म्हणायचे आणि मला ड्रायव्हर समजायचे. एका गावात मला वेगळा चहा दिला होता, गाडीजवळ.’ आणि खळखळून हसल्या.

गाडी वर्षानुवर्षं उभीच होती. टायर बसले होते, सीटमधून काथ्या बाहेर आला होता. बघायला बरेच लोक येऊन गेले होते. एका हॉटेलवाल्याला ती दारात उभी करून आत दिवे लावायचे होते. एकाला फक्त सुटे भाग हवे होते. अक्कांनी दोघांनाही परत पाठवलं होतं.

मी नाक मुरडायला घेतलं खरं. पण अक्का म्हणाल्या, ‘तुला जे सरी, बरोबर वाटेल ते दे,’ आणि माझं नाक जागच्या जागी राहिलं. त्यांनी पुढे जो आकडा सांगितला तो मी एका शब्दात मान्य केला. आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

अक्कांनी अट घातली. ‘नवं काय घालायचं ते घाल. इंजिन बदल, गार हवा लाव. ते जड स्टेअरिंग आता कुणाच्याच हाताने ओढवत नाही. पण चारही चाकांनी ओढली पाहिजे. दोन चाकांनी ओढणाऱ्या गाड्या रस्त्यात पुष्कळ आहेत. आणि तयार झाली की मला एकदा त्या चढावर ने.’ तो चढ कनकपुऱ्याच्या बाजूचा, एका बंद पडलेल्या दगडखाणीकडे जाणारा. तिथे म्हणे दुसऱ्या कुणाची गाडी जात नसे.

मी म्हटलं, ‘अक्का, शब्द.’

माझा शब्द म्हणजे धंद्यातला शब्द. मी मान हलवली की समोरचा माणूस तो माल दुसऱ्याला दाखवत नाही. तोच शब्द दिला होता, त्याच तोंडाने.

गॅरेज महादेवपुऱ्यात, काचेच्या इमारतींच्या मागच्या गल्लीत, मुलामुलींच्या पीजी हॉस्टेलांच्या मधोमध. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारा म्हणून त्याचं नाव झालेलं. तिथे येणारी गिऱ्हाइकं सगळी तरुण, लॅपटॉपवाली. आजोबांची जीप आणून तिला गार हवा आणि गाणी लावून घेणारी. मी तिथे गेले ती भांडायच्या पूर्ण तयारीने. कन्नडमधली पहिली दोन वाक्यं तोंडात तयार होती. मालक फोनवर होता. बोटाने ‘एक मिनिट’ अशी खूण करून तो फोनमध्ये म्हणाला, ‘आई, गोळी घेतलीस काय? मग घे की! मी काय बेळगावास येऊन घालू काय तोंडात?’

संपलं. माझी तयार वाक्यं तिथल्या तिथे विरघळली.

‘बेळगावचे?’ मी विचारलं.

‘होय की! तुम्ही कुठल्या?’

‘निपाणी.’

‘आयला, म्हणजे शेजारीच की! बसा की ताई, उभ्या का? चहा सांगू काय? आमच्याकडचा चहा, इथल्यासारखं पाणी नाही.’

भिंतीवर मराठी पंचांग टांगलेलं होतं. त्याच्या डब्यात झुणका होता आणि त्यातला अर्धा त्याने मला दिला. मी झुणका खात खात काय काय करायचं ते सांगितलं. इंजिन नवं, त्याच्याबरोबरचा नवा गिअरबॉक्स, पॉवर स्टेअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, गार हवा, सीटबेल्ट, आणि दिवे असे की समोरच्याला दिसावेत पण डोळ्यांत जाऊ नयेत. ‘आणि चारही चाकं ओढली पाहिजेत,’ मी म्हटलं. ‘ती माझी गरज नाही, माझा शब्द आहे.’

‘काय काळजी करू नका ताई. आपल्या माणसाचं काम म्हणजे घरचं काम.’

त्याने सांगितलेला खर्च मी ऐकला आणि ‘बरं’ म्हटलं. दुसऱ्यांदा.

पुढचे महिने मी नीट बसले नाही. हेब्बाळहून महादेवपुऱ्याला जायचं म्हणजे रिंग रोडवर अर्धा दिवस सोडायचा. मी सोडायची. टेम्पोच्या केबिनमध्ये बसून समोरच्या बसचा मागचा पत्रा बघत राहायची, आणि मनात त्या गाडीचं बॉनेट उघडं दिसायचं. गोदामात गिऱ्हाईक बोलत असायचं आणि मी त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत असायची. झोपेत पाय हलतात म्हणून नवऱ्याने पांघरूण वेगळं घेतलं. कधी गाडी जॅकवर असायची, कधी पत्र्याच्या कामाला दुसरीकडे गेलेली असायची, कधी स्टेअरिंगचा पंप कोइमतूरहून यायचा असायचा. ‘स्वल्प थांबा ताई,’ तो म्हणायचा, आणि मग स्वतःच हसायचा, ‘बघा, मराठीतसुद्धा कन्नडचं स्वल्पच आलं तोंडात.’ मी पण हसायची. दुसऱ्या कुणी इतके दिवस लावले असते तर मी त्याच्या दारात खुर्ची टाकून बसले असते आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याची कीर्ती ऐकवली असती.

गॅरेजच्या धंद्यात एक साधा रिवाज आहे. गाडीतून जे काढलं ते गिऱ्हाइकाला परत द्यायचं. पोत्यात घालून डिकीत ठेवायचं. ब्रेकचे पॅड बदलले तर जुने पॅड, दिवा बदलला तर जुना दिवा. माझ्या टेम्पोचं काम असतं तेव्हा मी ते पोतं उघडून एकेक वस्तू हातात घेऊन बघते. कन्नड बोलणाऱ्या माझ्या नेहमीच्या मेस्त्रीला मी एकदा जुन्या क्लचप्लेटसाठी गल्लीभर ऐकू जाईल असं झापलं होतं. इथे पोतं मागितलं नाही. नवऱ्याने नंतर हेच धरून ठेवलंय. ‘तू मागितलं नाहीस.’ अरे, नाही मागितलं! भाचा घरी जेवून गेल्यावर कुणी वाट्या मोजतं का?

गाडी तयार झाली तेव्हा खरंच बघण्यासारखी होती. रंग तोच जुना, मातकट हिरवा, पण चकचकीत. स्टेअरिंग एका बोटाने फिरत होतं. आत गार हवा. मोठ्या गिअरच्या बाजूला चार चाकांची छोटी दांडी, तिच्यावर नवी काळी गोळी बसवलेली. मी ती दांडी मागे ओढली, ती टक् करून बसली. पुढे ढकलली, टक् करून परत गेली. रस्ता डांबरी, कोरडा. त्याहून जास्त काय कळणार?

‘जोरात आहे ना ताई?’ तो म्हणाला.

‘एकदम,’ मी म्हटलं. त्याच्या आईसाठी मी साडी नेली होती, ती त्याच्या हातात दिली.

रविवारी सकाळी आम्ही अक्कांना घ्यायला जयनगरला गेलो. नवरा मागे, मांडीवर इडलीचा डबा. अक्कांनी नेसूचं पातळ वर खोचलं, पायात कॅनव्हासचे बूट घातले आणि कुणाचा हात न धरता पुढच्या सीटवर चढल्या. हाताने सगळं चाचपलं. ‘गार वारा! त्यांना हे मिळायला हवं होतं, नुसते घामाघूम व्हायचे.’ सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या मुलाने फोनवर आमचा फोटो काढला तेव्हा अक्कांनी त्याला हात केला. मी काच बोटभर नव्हे, पूर्ण खाली केली होती.

कनकपुरा रस्ता सोडला आणि मातीचा रस्ता लागला. मग तो चढ आला. सुटी खडी, मधून पाण्याने खणलेली घळ, वरती खाणीची पडकी भिंत. चढाच्या मध्यावर मागची चाकं फिरायला लागली. खडी उडून खालच्या पत्र्यावर ताडताड वाजत होती. गाडी हलेना.

‘थांब,’ अक्का म्हणाल्या. ‘आता घे चारांत.’

मी थांबले. छोटी दांडी ओढली. टक्. क्लच सोडला. मागची चाकं पुन्हा नुसतीच फिरली आणि गाडी हळूच मागे सरकली. नवरा डबा घेऊन खाली उतरला.

‘अगं, पुढची चाकं हलतच नाहीत,’ तो ओरडला.

अक्कांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा तळवा दांडीवर ठेवला. मागे ओढली, पुढे केली, पुन्हा मागे. डोळे मिटून. मग हात काढून घेतला.

‘ही दांडी कशाला लागलेली नाही,’ त्या म्हणाल्या. ‘खाली काही नाही. पूर्वी ही बसली की हाताला कळायचं, खालून गुरगुर यायची. ही नुसती कपाटाच्या कडीसारखी वाजते.’

मी उतरून चढावर आडवी झाले आणि गाडीखाली बघितलं. गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण असलेलं आणि नसलेलं मला कळतं. मधे जी लोखंडी पेटी असते, जिच्यातून पुढच्या चाकांकडे ताकद जाते, ती नव्हती. तिच्यापासून पुढे जाणारा दांडाही नव्हता. छोट्या दांडीचं खालचं टोक एका पट्टीला अडकवलेलं, आणि त्या पट्टीला एक स्प्रिंग. टक् म्हणून वाजायला.

ती स्प्रिंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पेटी बसवायची राहून गेली असती तर दांडी लोंबकळली असती. लोंबकळणाऱ्या दांडीला मी विसरभोळेपणा म्हटलं असतं. स्प्रिंग कुणीतरी शोधली, मापाने कापली, लावून बघितली, आवाज बरोबर येतोय ना ऐकलं. मी ती दांडी ओढून बघणार हे माहीत असलेल्या माणसाने.

मी धूळ झाडत उठले. अक्का खाली उतरून दगडावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, पण मी खुर्च्या उलट्या करत होते तेव्हा जिन्यातून बघत होत्या तसं.

‘काढलीस होय गं ती?’

‘काय?’

‘पेटी. चांगली होती ती. त्या मॉडेलची आता मिळत नाही, सगळे शोधत असतात. वेगळी विकलीस?’

मी नुसतं गाडीखाली बोट दाखवलं. नवरा म्हणाला, ‘नाही हो अक्का, तिला माहीतच नव्हतं,’ पण तो ते इतकं हळू म्हणाला की मलाच ते खोटं वाटलं.

‘सरी, सरी,’ अक्का म्हणाल्या. ‘इडल्या खाऊ. गार होतील.’

उताराने मागे मागे येत गाडी खाली आणली. परतीच्या वाटेवर अक्कांनी काच वर केली आणि शहर लागेपर्यंत बाहेर बघत राहिल्या. घरापाशी उतरताना म्हणाल्या, ‘स्टेअरिंग छान झालंय हं.’ एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडण्याच्या आधी मी शटरसमोर गाडी आडवी लावून उभी होते.

तो आला, हसला. ‘काय ताई, सर्व्हिसिंगला एवढ्या लवकर?’

‘पेटी कुठाय?’

हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग एका बाजूने उतरलं. ‘कुठली पेटी?’

‘जिच्या जागी तू स्प्रिंग लावलीस ती.’

‘बसा की ताई. चहा सांगतो.’

‘चहा नको. पेटी सांग.’

‘ताई, असं आहे बघा. नव्या गिअरबॉक्सला ती जुनी पेटी बसत नव्हती. बसवायची तर मधे नवीन पार्ट बनवायला लागला असता. तुम्हीच म्हणत होता, लवकर द्या, लवकर द्या. आणि सिटीत कशाला लागतं चार चाकांचं? सिल्क बोर्डाच्या सिग्नलला डोंगर आहे काय?’

‘मी तुला सांगितलं होतं. शब्द आहे म्हणून सांगितलं होतं.’

‘लोक बोलतात हो असं. तुम्ही गाडी न्यायला आला तेव्हा विचारलं काय मला? एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं.’

‘पेटी कुठाय?’

‘भंगारात गेली. जुनं लोखंड कोण ठेवतंय?’

मी गाडीचा दरवाजा उघडून ती दांडी टक्‌टक् वाजवली. ‘आणि हे? हे कुणी ठेवलं?’

एव्हाना गिऱ्हाइकं यायला लागली होती, त्यांतला एकजण आमच्याकडे बघत थांबला. गॅरेजवाला एकदम हिंदीत बोलायला लागला. ‘मॅडम, आप प्लीज साइड में आइए, कस्टमर आ रहे हैं.’ मघापर्यंत ताई होते, आता मॅडम झाले. माझं डोकंच फिरलं. मी जे बोलले ते कन्नडमध्ये बोलले, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. हॉस्टेलच्या गॅलरीत दात घासणाऱ्या मुली ब्रश तोंडात धरून खाली बघत होत्या. तो हिंदीत, मी कन्नडमध्ये. मराठी आमच्या दोघांच्या मधे कुठेच नव्हती. ती झुणका खाऊन केव्हाच निघून गेली होती.

शेवटी त्याने मला आत नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, पैसे परत देतो, काय तोडायचं ते तोडून टाकू.

मला हसू आलं. आत्ता मराठीत भाव करायला निघाला होता.

‘पैसे नकोत,’ मी म्हटलं. ‘एक तर ती पेटी आणून बसव. नाहीतर माझ्याबरोबर जयनगरला चल आणि त्या बाईंसमोर सांग की तू काढलीस.’

‘त्या म्हातारीला मी काय सांगू? मी ओळखत नाही तिला.’

‘ती मला ओळखते. म्हणून चल.’

तो आला नाही. त्यानंतर मी चारपाच वेळा गेले. कधी ‘आत्ताच बाहेर गेले’, कधी ‘बेळगावला आईला बघायला गेलेत’. फोन उचलत नाही. नंबर बदलून केला तर आवाज ऐकून ठेवतो.

मग मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. या शहरातलं भंगार माझ्या ओळखीचं आहे. माझ्या उरलेल्या खुर्च्या तिथेच जातात. मी एकेका दुकानात जाऊन विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. अशी पेटी भंगारात येतच नाही. आली असती तर आम्ही वजनावर घेतली नसती, काचेच्या कपाटात ठेवली असती. हे मॉडेल पुन्हा उभं करणारे हौशी लोक देशभर शोधत असतात, मागाल तो भाव देतात. म्हणजे ती वितळली नाही. ती कुठेतरी दुसऱ्या गाडीखाली नीट बसवलेली आहे, आणि तिथली पुढची चाकं तिने ओढली जातायत.

मी जयनगरला दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा अक्कांनी दार उघडलं, बसायला सांगितलं, कॉफी दिली. मी सगळं सांगितलं, स्प्रिंगचं सांगितलं, भंगारवाल्यांचं सांगितलं. बोलताना मलाच ऐकू येत होतं की मी जशी कंपनीच्या मॅनेजरला माल पटवून देते तशीच बोलतेय. अक्का ऐकत होत्या. ‘सरी गं,’ त्या म्हणाल्या. ‘जाऊ दे. झालं ते झालं.’ त्या मराठीत बोलत होत्या, पण शेवटी निघताना ‘मत्ते बन्नी’ म्हणाल्या, कन्नडमध्ये, कुठल्याही आलेल्या माणसाला म्हणतात तसं. पुन्हा या.

नवरा म्हणतो, सोड. दुसरी पेटी मिळाली तर बसवू, नाही तर नाही. गाडी छान चालते, शब्द काय, अक्कांचं वय झालंय, विसरतील. विसरणार नाहीत. ती बाई दांडीवर हात ठेवून खाली काय आहे ते सांगते. आणि दुसरी पेटी बसवून मी गाडी नेली तरी त्यांना काय वाटणार? एवढंच की मी चोरलेलं आणून ठेवलं.

हे मी सांगून काही उपयोग नाही, हे मला कळून चुकलंय. मी खुर्च्यांची चाकं काढून विकणारी बाई, हे मीच माझ्या तोंडाने त्यांना सांगितलेलं. माझ्या बाजूने बोलू शकेल असा जगात एकच माणूस आहे आणि तो महादेवपुऱ्यात शटरमागे लपतो.

तर आता, गॅरेजवाल्या, तुलाच विचारते. तुझ्या भिंतीवरचं मराठी पंचांग तुला वाचता येतं तर हे लिहिलेलंही येईल. ती पेटी तू कुणाला विकलीस? नाव सांग, मी स्वतः जाऊन त्याच्याशी बोलेन, कुठल्याही भाषेत. ती स्प्रिंग कुणी कापली? आणि जयनगरला त्या पोर्चमध्ये येऊन, हात जोडून, ‘बाई, हिने नाही काढली, मी काढली’ एवढं तू कधी म्हणणार आहेस? त्यांचं वय तुझ्या आईपेक्षा जास्त आहे. किती दिवस लावणार आहेस? तारीख सांग.